कोपऱ्यातून निघालेली सरळ रेषा

पोटॅशियम परमँगनेटचे दहा नमुने. लिटरला 20 मिलिग्रॅमपासून 200 मिलिग्रॅमपर्यंत, वीस-वीसच्या पायऱ्यांनी चढत नेलेले. रॅकमध्ये ओळीने ठेवल्यावर फिकट गुलाबीपासून जवळजवळ काळ्या जांभळ्यापर्यंत रंग गडद होत गेलेला, आणि ते करणाऱ्या विद्यार्थिनीच्या बोटांवर परमँगनेटचे तपकिरी डाग. 525 नॅनोमीटरला प्रत्येक नमुन्याचं ॲब्सॉर्बन्स, म्हणजे त्याने किती प्रकाश शोषला त्याचं माप, घेतलं, स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या सॉफ्टवेअरने रीडिंग्जची टेक्स्ट फाइल काढून दिली, तिने ती पायथनमध्ये पांडाज या तक्ते वाचणाऱ्या लायब्ररीने वाचली, मॅटप्लॉटलिब या ग्राफच्या लायब्ररीला ग्राफ काढायला सांगितला आणि पडद्यावर रेषा उमटली. अगदी सरळ. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजव्या वरच्या कोपऱ्यात पोचणारी, एकही बिंदू केसभरसुद्धा न हललेला. द्रावण जितकं दाट तितकं ॲब्सॉर्बन्स जास्त हा बिअर-लँबर्टचा नियम पुस्तकात जशी रेषा दाखवतो तशीच, वर शून्यातूनही जाणारी. शेजारच्या टेबलांवरचे दोघं-तिघं उठून बघायला आले. इतका स्वच्छ ग्राफ पहिल्या फटक्यात कुणालाच मिळत नाही.

उभ्या अक्षावरची अक्षरं बारीक होती, म्हणून त्यांच्याकडे लक्ष उशिरा गेलं. कोपऱ्यात, जिथे शून्य असायला हवं तिथे, ‘ॲब्ज’ (ॲब्सॉर्बन्सचं लघुरूप) असं लिहिलेलं होतं. त्याच्या वर 0.302, मग 0.602, 0.900, 1.193, 1.476, 1.741, 1.977, 2.171, 2.313 आणि सगळ्यात वर 2.407. खालच्या दोन आकड्यांत फरक 0.300, वरच्या दोनांत 0.094. पडद्यावर मात्र दोन्ही अंतरं सारखीच, मिलिमीटरला मिलिमीटर.

अक्षावर आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं बसली होती.

घडलं होतं ते एवढंच. फाइलच्या पहिल्या ओळीत कॉलमांची नावं होती आणि दुसऱ्या ओळीत एककं; बरीच यंत्रं अशीच फाइल देतात. पांडाजने पहिली ओळ नावं म्हणून उचलली आणि दुसरी ओळ डेटा समजून आत घेतली. एका कॉलममध्ये एक जरी शब्द शिरला की पांडाज अख्खा कॉलम मजकूर म्हणून ठेवतं. मग खालचे दहाच्या दहा आकडे त्याच्या लेखी शब्दच. मॅटप्लॉटलिबला मजकूर दिला की ते त्याचे गट पाडतं. जो शब्द आधी दिसला त्याला 0 ही जागा, पुढच्याला 1, त्यापुढच्याला 2. आडव्या अक्षावर तेच, उभ्या अक्षावरही तेच. म्हणजे मूळ रीडिंग्ज काहीही असोत, एकमेकांपासून वेगळी असली की रेषा सरळच येणार, आणि कोपऱ्यातूनच निघणार, कारण कोपऱ्यात एककांची ओळ जाऊन बसलेली. सगळे शब्द आकड्यांत बदलता येण्यासारखे असतील तर मॅटप्लॉटलिब निदान एक बारीकशी सूचना नोंदवतं. इथे ‘ॲब्ज’मुळे तीही आली नाही. उपाय एका ओळीचा आहे: पांडाजच्या स्किपरोज या ओळी गाळायच्या पर्यायात चौकोनी कंसात 1 द्यायचा, म्हणजे शून्यापासून मोजत 1 क्रमांकाची, एककांची ओळ गळते. कंस विसरून नुसता 1 दिला तर वरची एक ओळ, म्हणजे नावांचीच ओळ, गळते आणि एककं नावं होऊन बसतात. त्यानंतर डीटाइप्स, म्हणजे प्रत्येक कॉलमचे प्रकार, छापून पाहायचे. आकड्यांच्या कॉलमपुढे फ्लोट64 किंवा इंट64 दिसलं पाहिजे; ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग दिसलं तर आत कुठेतरी अक्षर लपलंय.

मिलिमीटरच्या हिरव्या किंवा केशरी आलेख कागदावर पेन्सिलीने बिंदू टाकणाऱ्याच्या हातून ही चूक होणं शक्यच नव्हतं. आधी स्केल ठरवायचं, ‘य-अक्षावर 1 सेंमी = 0.2’ असं वर उजव्या कोपऱ्यात लिहायचं, मग 0.602 ला तीन सेंटीमीटरच्या रेघेच्या किंचित वर टोक टेकवायचं. प्रत्येक आकडा डोळ्यांतून बोटांत उतरायचा. 2.313 आणि 2.407 जवळजवळ आले आहेत हे मेंदूच्या आधी पेन्सिलीला कळायचं, आणि हात आपोआप मागे वळून रीडिंग पुन्हा बघायचा. दहा बिंदूंना वीस मिनिटं लागायची, खोडरबराने कागद झिजायचा. ते दिवस परत यावेत असं मुळीच वाटत नाही, दहा हजार बिंदू हाताने कोण टाकणार? पण प्रत्येक आकड्याकडे निदान एकदा बघितलं जायचं, ते बघणं आता वेगळं, मुद्दाम करावं लागतं.

फाइल वाचताना प्रोग्रॅमने तक्रार केली तर चिडू नये. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं लोडटेक्स्ट ‘अमुक शब्दाचा आकडा करता आला नाही’ म्हणून थांबतं. पांडाज सांगतं, ‘47व्या ओळीत तीन रकाने अपेक्षित होते, चार दिसले.’ ग्नूप्लॉट हे ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर म्हणतं, फाइलमध्ये एकही वैध बिंदू नाही. लाल अक्षरं बघून नवा माणूस घाबरतो, पण रोग कुठे आहे ते या ओळी सांगून टाकतात. 47वी ओळ उघडायची आणि बघायची. भीती बाळगायची ती मुकाट्याने ग्राफ काढून देणाऱ्या वाचनाची. तिथे काहीतरी उमटतं, आणि उमटलेलं खरं मानायची आपल्याला सवय असते. मात्र या मुक्या चुकांनाही आपापला चेहरा असतो. थोडे दिवस हे काम केलं की नुसत्या ग्राफच्या आकारावरून फाइलचं दुखणं ओळखता येतं, नाडी बघितल्यासारखं.

पायऱ्या दिसल्या की दशांशचिन्ह बघावं. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशाला टिंब नसून स्वल्पविराम असतो, 3.14 तिथे 3,14 असं लिहितात. तिकडच्या सेटिंगवर चालणाऱ्या यंत्राची फाइल तशीच येते. ग्नूप्लॉट मोकळ्या जागांवरून रकाने पाडतं, 3,14 वाचायला घेतं, 3 पर्यंत येतं आणि स्वल्पविरामाशी थांबतं. उरलेलं 14 हवेत. मग 3.02, 3.14, 3.57, 3.91 हे सगळे 3 होतात आणि वळणदार वक्राच्या जागी डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारख्या पायऱ्या दिसतात: सपाट, एकदम उडी, पुन्हा सपाट. त्यावर डेसिमलसाइन लोकॅल असं सांगून जर्मन लोकॅल (भाषा आणि देशाचं सेटिंग) द्यावं लागतं. पांडाजमध्ये डेसिमल या पर्यायात स्वल्पविराम द्यायचा. स्वल्पविराम दशांशात खर्ची पडल्यामुळे तिकडच्या सीएसव्हीत, म्हणजे एरवी स्वल्पविरामाने रकाने तोडलेल्या टेक्स्ट फाइलीत, रकाने अर्धविरामाने तोडलेले असतात, तेव्हा सेपरेटरही (रकाने तोडणारं चिन्ह) बदलायचा. एकच बदलला आणि दुसरा राहिला तर गोंधळ वाढतो. एक्सेलच्या सोयीसाठी काही सॉफ्टवेअर अशा फाइलच्या पहिल्याच ओळीत ‘सेप बरोबर अर्धविराम’ अशी खूण टाकतात. एक्सेल ती समजून घेतं आणि लपवतं. बाकीचे प्रोग्रॅम तिला डेटाची ओळ मानतात. ओरिजिन हे ग्राफचं सॉफ्टवेअर मुळात विंडोजच्या रीजन सेटिंगवर चालतं, म्हणून तीच फाइल एका संगणकावर नीट उघडते आणि शेजारच्यावर नाही. तिथे अख्ख्या विंडोजचं सेटिंग बदलू नये, इम्पोर्टच्या खिडकीतच सेपरेटर निवडावा. नाहीतर उद्या दुसऱ्याच कुणाच्या फाइली बिघडतात. लॅबप्लॉट, क्यूटीआयप्लॉट, सायडाव्हिस या तशाच सॉफ्टवेअरच्या इम्पोर्ट खिडकीतही हा पर्याय असतो, पण खालच्या बाजूला, जिथे घाईत कुणी बघत नाही.

आपल्याकडचा स्वल्पविराम वेगळाच त्रास देतो. 1,23,456 असा लाखाच्या पद्धतीने लिहिलेला आकडा सीएसव्हीत अवतरणचिन्हांशिवाय गेला की त्याचे तीन रकाने होतात, आणि त्या ओळीपुरते पुढचे सगळे रकाने दोन घरं उजवीकडे सरकतात. ज्या ओळीत रक्कम हजाराच्या आत आहे ती मात्र जागेवरच. अवतरणचिन्हं असतील तर पांडाजच्या थाउजंड्स पर्यायात स्वल्पविराम द्यावा; ते स्वल्पविराम काढून टाकतं, दर तीन अंकांनी आहेत की दोन अंकांनी याची चौकशी करत नाही.

रकाने सरकण्याचे आणखी दोन प्रकार फार वाईट आहेत. पहिला रिकाम्या घराचा. टॅबने तोडलेल्या फाइलमध्ये सेन्सर बंद पडला की दोन टॅब लागोपाठ येतात, मधे काही नाही. इम्पोर्टच्या खिडकीत ‘लागोपाठचे सेपरेटर एकच समजा’ या चौकोनात खूण असेल तर ते रिकामं घर गिळलं जातं आणि चौथ्या रकान्यातली आर्द्रता तिसऱ्या रकान्यात, तापमानाच्या जागी, येऊन बसते. 28 अंशांच्या शेजारी 81. नशीब असेल तर ग्राफमध्ये सुळका दिसतो. पण दोन रकाने एकाच मापाचे असतील, दोन खोल्यांची तापमानं समजा, तर सुळकाही दिसत नाही आणि चूक अहवालात जाते. ही खूण मोकळ्या जागांनी मांडलेल्या फाइलसाठी आहे. टॅब आणि स्वल्पविरामासाठी ती काढून टाकावी. दुसरा प्रकार ओळीच्या शेवटच्या फालतू स्वल्पविरामाचा. नावं तीन आणि प्रत्येक ओळीत शेवटच्या स्वल्पविरामामुळे रकाने चार झाले की पांडाज पहिला रकाना ओळींची अनुक्रमणी समजतं आणि नावं एकेक घर सरकतात: ‘वेळ’ या नावाखाली दाब, ‘दाब’ या नावाखाली प्रवाह. एकही तक्रार येत नाही. इंडेक्स कॉल या पर्यायात फॉल्स दिलं की नावं जागेवर येतात.

ग्राफ वरच्या काठाला चिकटून सपाट झाला आणि मधेच खाली कड्यासारखा कोसळला, तर आकड्यांत ‘रीडिंग नाही’ची खूण मिसळली आहे. हवाईतल्या माउना लोआवरचं कार्बन डायऑक्साइडचं मापन मार्च 1958 पासूनचं आहे, सुरुवातीचा आकडा दहा लाखांत 315 च्या आसपास. त्या मासिक फाइलच्या जुन्या आवृत्त्यांत जे महिने मोजलेच गेले नाहीत, उदाहरणार्थ 1958 चा जून आणि ऑक्टोबर, 1964 चे फेब्रुवारी ते एप्रिल, तिथे -99.99 लिहिलेलं असायचं. ती फाइल तशीच प्लॉट केली की अक्ष उणे शंभरापासून सुरू होतो, आणि दर वर्षी पृथ्वीवरची झाडं पालवतात-झडतात तशी वरखाली होणारी, सहाएक एककांची ती नाजूक लाट इस्त्री फिरवल्यासारखी सपाट होते. आपल्या हवामान खात्याच्या चौकोनी जाळीवरच्या आकड्यांत पावसाला -999 आणि तापमानाला 99.9 अशा खुणा असतात. प्रत्येक रकान्याची खूण वेगळी सांगावी, सगळ्या फाइलला एकच लावू नये; 99.9 तापमानाला अशक्य आहे, पण जुलैतल्या कोकणात आर्द्रतेला अगदी शक्य आहे. पांडाजच्या एनए व्हॅल्यूज पर्यायात रकान्यागणिक वेगळी यादी देता येते. आणि त्या ओळी उडवून टाकू नयेत. ओळ उडवली की अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू सरळ रेघेने जोडले जातात, तीन महिने बंद असलेलं यंत्र चालू होतं असं दिसतं. तिथे नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ अशी खूण, ठेवावा, म्हणजे रेघ तुटते आणि फट दिसते. फट हीसुद्धा माहिती आहे.

रेघ पुढे जाता जाता मागे वळली, एकाच महिन्याची रीडिंग्ज असून वर्षभराच्या पट्ट्यात वेडीवाकडी धावली, तर तारखा उलट्या वाचल्या गेल्या आहेत. 03/04/2024 आपल्याला 3 एप्रिल, अमेरिकन पद्धतीने वाचणाऱ्याला 4 मार्च. पांडाजच्या जुन्या आवृत्त्या 1 ते 12 तारखा महिना समजून वाचायच्या आणि 13 तारखेपासून गुपचूप पद्धत बदलायच्या. एकाच महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले जायचे. नव्या आवृत्त्या अशा वेळी थांबतात आणि तक्रार करतात, हे फार बरं झालं. डेफर्स्टला ट्रू द्यावं, किंवा सरळ तारखेचा साचाच लिहून द्यावा. अमेरिकन सेटिंगवरच्या एक्सेलमध्ये हाच घोळ डोळ्यांनी दिसतो: 1 ते 12 तारखा उजव्या कडेला चिकटतात, 13 पासूनच्या डाव्या. एक्सेल तारखा आणि आकडे उजवीकडे लावतं, मजकूर डावीकडे. अख्खा कॉलम वरून खाली सरकवत एकदा डोळ्यांखालून घातला तरी बरेच घुसखोर सापडतात.

मात्र मूळ फाइल एक्सेलमध्ये नुसती बघायला म्हणून उघडली आणि बंद करताना ‘सेव्ह करू का’ला हो म्हटलं, तर ती मूळ राहत नाही. पुढची शून्यं जातात, पंधरापलीकडचे अंक शून्य होतात, तारखेसारखं दिसणारं काहीही तारीख होतं. मानवी जनुकांची मार्च1, सेप्ट2 अशी नावं इतकी वर्षं तारखा होत राहिली की 2020 मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली: मार्चएफ1, सेप्टिन2. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण काही दिवस यादीतून गळाले, कारण मधल्या टप्प्यावर जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल होती आणि तिच्या एका पानावर 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते. गळालेल्या ओळींबद्दल कुणालाच सूचना गेली नाही, आणि त्या ओळींमागची माणसं कुणाकुणाच्या संपर्कात आली होती याचा शोध तितके दिवस लांबला. म्हणून मूळ फाइलवर ‘रीड ओन्ली’ची खूण करून ती बाजूला ठेवावी, आणि बघण्यासाठी साधा टेक्स्ट एडिटर वापरावा.

आणि तो एडिटर अदृश्य अक्षरं दाखवणारा असावा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘सगळी चिन्हं दाखवा’ असा पर्याय आहे. टॅबच्या जागी बाण दिसतो, मोकळ्या जागेत ठिपका, ओळीच्या टोकाला काळ्या चौकटीत सीआर आणि एलएफ. मराठी टंकलेखनाच्या वर्गात ज्यांनी रेमिंग्टनवर बोटं घासली आहेत त्यांना ही दोन अक्षरं वेगळी समजवायला नकोत. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डावीकडची दांडी ढकलली की गाडी खडखडत सुरुवातीला यायची. ते सीआर, कॅरेज रिटर्न. त्याच ढकलण्यात रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा. ते एलएफ, लाइन फीड. संगणकात पहिल्याचा क्रमांक 13, दुसऱ्याचा 10. विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्स आणि लिनक्सने नुसता कागद सरकवला, आणि जुन्या मॅकने नुसती गाडी मागे आणली. कुठल्या जुन्या यंत्राची नुसत्या सीआरची फाइल आली की ज्या प्रोग्रॅमला ती खूण कळत नाही त्याला हजार ओळींची मिळून एकच ओळ दिसते. आणि तिच्या सुरुवातीला शेरा म्हणून # असेल तर अख्खी फाइलच शेरा ठरते. ‘फाइल रिकामी आहे’ असा संदेश येतो, फाइल मात्र दोन एमबीची. खुद्द विंडोजच्या नोटपॅडला लिनक्सच्या ओळी समजायला 2018 उजाडावं लागलं.

ग्नूप्लॉटमध्ये रिकाम्या ओळीलाही अर्थ आहे हे विसरायला होतं. एक रिकामी ओळ म्हणजे कलम उचलणं, तिथे रेघ तुटते. दोन रिकाम्या ओळी म्हणजे नवा डेटासंच. वाचायला सोपं जावं म्हणून दर पन्नास ओळींनी मोकळी ओळ सोडणारा माणूस नकळत ग्राफचे तुकडे करत असतो. उलट रंगीत पृष्ठभाग काढायचा असेल तर प्रत्येक स्कॅननंतर ती एक रिकामी ओळ हवीच, नाहीतर पृष्ठभाग उभाच राहत नाही.

फाइल मोठी असेल, डोळ्यांनी संपत नसेल, तेव्हा लिनक्सवरच्या ऑक या आज्ञेची एक ओळ पुरते: प्रत्येक ओळीतले रकाने मोज, सॉर्ट कर, आणि कुठला आकडा किती वेळा आला ते युनिककडून मोजून घे. दर दहा मिनिटांनी नोंद करणाऱ्या लॉगरची 31 दिवसांची फाइल घ्या. 144 गुणिले 31, म्हणजे 4,464 नोंदी हव्यात. उत्तर येतं: पाच रकान्यांच्या ओळी 4,460, चार रकान्यांच्या 2, नऊ रकान्यांची 1. बेरीज 4,463. एक ओळ कमी आणि एक ओळ जवळजवळ दुप्पट लांब, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली, ओळीचं टोक लिहायचं राहिलं आणि वीज आल्यावर पुढची नोंद तिलाच चिकटली. चार रकान्यांच्या दोन ओळींत एकेक घर गिळलं गेलंय. कुठल्या ओळी ते ओळक्रमांक छापून लगेच मिळतं. हे तीस सेकंदांचं काम ग्राफ काढायच्या आधी प्रत्येक फाइलवर करावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या जोडीला लिनक्सवरची कॅट ही आज्ञा, मोठ्या ए पर्यायासह: टॅबच्या जागी टोपी घातलेला आय, ओळीच्या टोकाला डॉलर, विंडोजची फाइल असेल तर डॉलरआधी टोपी घातलेला एम. आकड्यांच्या मधे भलतीच अक्षरं उगवली तर ती बहुधा न तुटणारी मोकळी जागा, 160 क्रमांकाची, वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवताना आलेली. पीडीएफमधून उचललेल्या तक्त्यांत उणे चिन्हही खरं उणे नसतं, छपाईतली लांब आडवी रेघ असते. डोळ्यांना फरक कळत नाही, प्रोग्रॅमला -5 दिसत नाही.

फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतून निघालेल्या फाइलींचं दुखणं वेगळं. तिथे रकाने अक्षरं मोजून आखलेले असतात. मोठा उणे आकडा आला की मधली जागा खाऊन शेजाऱ्याला चिकटतो आणि -12.345-100.221 असा जोडशब्द तयार होतो. तो मोकळ्या जागेवर तोडता येत नाही, रकान्यांच्या रुंदीच सांगाव्या लागतात. जागा पुरली नाही तर आकड्याऐवजी ताऱ्यांची रांग छापली जाते. आणि घातांक तीन अंकी झाला की साध्या ई मांडणीत ई हे अक्षरच गळतं: 1.234-105. वाचणारा उणे चिन्हाशी थांबला तर जिथे जवळजवळ शून्य असायला हवं तिथे 1.234 चं टोक उभं राहतं, आणि त्या टोकाचा भौतिक अर्थ शोधण्यात आठवडा जाऊ शकतो. लिहितानाच ईएस15.6ई3 अशी मांडणी दिली की घातांकाला तीन घरं मिळतात.

गावांची नावं देवनागरीत असलेल्या फाइली आता सगळीकडे दिसतात, आणि त्यांचं पहिलं दुखणं सेव्ह करतानाच सुरू होतं. एक्सेलमध्ये नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ निवडावं लागतं. ते निवडलं की फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट बसतात. काही प्रोग्रॅम ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटवतात, मग ‘गाव’ नावाचा कॉलम समोर दिसत असून सापडत नाही. पायथनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-8-सिग दिलं की ते बाइट उतरतात. आकडेच देवनागरी असतील, १२.५ असे, तर पायथनचं मूळ फ्लोट ते बिनतक्रार 12.5 म्हणून वाचतं. ग्नूप्लॉटला ते कळत नाहीत. पुढे ग्राफवर नावं लिहिताना मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट रिकामे चौकोन दाखवतो, देवनागरी फॉन्ट दिला तरी बरीच वर्षं वेलांटी चुकीच्या बाजूला पडत आली आहे आणि जोडाक्षरं सुटी. ग्नूप्लॉटच्या पीएनजीकैरो या चित्र बनवणाऱ्या टर्मिनलवर ‘चिपळूण’ नीट उमटतं. आपल्या गावाचं नाव आपल्या ग्राफवर धड दिसावं ही काही मोठी मागणी नाही.

परमँगनेटची फाइल दुसऱ्यांदा वाचली गेली, चौकोनी कंसातल्या 1 सह. दोन्ही कॉलमांपुढे फ्लोट64 नाहीतर इंट64 आलं. ग्राफ पुन्हा काढला. कोपऱ्यातला ‘ॲब्ज’ गेला, अक्षावर 0.0, 0.5, 1.0 अशा सरळ खुणा आल्या, आणि 80 मिलिग्रॅमपर्यंत नीट चढणारी रेषा 100 च्या पुढे हळूहळू वाकायला लागली. शेवटचे तीन बिंदू तर जवळजवळ आडवे. बघायला आलेले आपापल्या टेबलांकडे गेले. ती मात्र पडद्याकडे बघत राहिली, कारण आता त्या ग्राफमध्ये विचारण्यासारखं काहीतरी होतं. ॲब्सॉर्बन्स 3 म्हणजे प्रकाशाचा हजारातला एकच भाग आरपार येतो. यंत्रात इकडून तिकडून भटकणारा प्रकाश हजारात तीन भाग असला तरी तो खऱ्या प्रकाशाच्या तिप्पट होतो, आणि डिटेक्टरला दोन्हींतला फरक कळत नाही. यंत्र 2.4 च्या वर जायला तयार नव्हतं ते याचमुळे.

तिने 200 चा नमुना घेतला, 10 मिलिलिटर पिपेटने 50 च्या फ्लास्कमध्ये सोडला, खुणेपर्यंत पाणी भरलं, बूच लावून उलटासुलटा केला. जांभळा काळोख उजळून गुलाबी झाला. क्युव्हेट, म्हणजे यंत्रात ठेवायचं नमुन्याचं छोटं भांडं, दोनदा विसळून भरलं, बाहेरून टिश्यूने पुसलं. रीडिंग आलं 0.602. वहीत तिने पाचने गुणून लिहिलं, 3.01, आणि शेजारी कंसात पहिलं रीडिंग, 2.407. मग 180 चा नमुना पुढे ओढला.